महाविद्यालयीन कुस्ती : प्रशिक्षण, स्पर्धा आणि खेळाचा विस्तार
(चारठाणा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव अभ्यासकांना परिचित आहे ते मुख्यत्वे तेथील प्राचीन दगडी मंदिरांमुळे व बारवेमुळे. जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावरील या परिसरात शेती हाच प्रमुख व्यवसाय असून कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील पिके होत. मराठवाड्यातील इतर खेड्यांप्रमाणे या पट्ट्यातही कुस्ती हा शिकवावा लागणारा खेळ नव्हता. नागपंचमी, पोळा, गावची जत्रा अथवा उरूस या निमित्ताने कुस्त्यांचा फड भरणे, हलगीच्या तालावर जोडी लागणे, नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात होऊन शेवटची इनामाची कुस्ती दिवे लागणीला सुटणे, हा ग्रामजीवनाचा स्वाभाविक भाग होता व अनेक ठिकाणी आजही आहे.

या फडातील मुलगा बारावीनंतर जेव्हा वरिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेतो, तेव्हा त्याच्या कुस्तीचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परभणी जिल्हा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालये संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठ संघाची निवड, पुढे भारतीय विश्वविद्यालय संघाची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा, अशी पायऱ्यांची रचना कागदावर पूर्ण आहे. तथापि पायऱ्या असणे आणि त्या चढण्याइतके बळ विद्यार्थ्याच्या पायांत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या संदर्भात प्रशिक्षक, वस्ताद, शारीरिक शिक्षण संचालक व पालक यांच्यात जे मतप्रवाह आढळतात, त्यांचा विचार पुढे केला आहे.

महाविद्यालय आणि मल्ल : एक जुना दाखला

महाविद्यालयाचा आणि कुस्तीचा संबंध काय, असा प्रश्न विचारणाऱ्यास महाराष्ट्रातच एक ठोस उत्तर उपलब्ध आहे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडा प्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे जन्मलेल्या खाशाबांना कुस्तीचे संस्कार घरीच मिळाले. परंतु त्यांच्या गुणाला दिशा मिळाली ती कोल्हापुरात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीचे तंत्र व नियम नवीन होते. लंडनच्या पूर्वी अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले होते, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. मातीतील शिक्षणाला गादीच्या जाणकाराची जोड द्यावी लागते, ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वीच कोल्हापूरकरांच्या लक्षात आली होती.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैशांची जुळवाजुळव करताना राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही घटना सर्वश्रुत आहे. बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. त्या गटात सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांनी व रौप्यपदक सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांनी पटकावले. प्राचार्यांच्या औदार्याची कथा भाषणांतून वारंवार सांगितली जाते. पण तिच्यातील दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. जी व्यवस्था प्राचार्याच्या घरावर चालते, ती व्यवस्था नव्हेच. एका खाशाबाला एक खर्डेकर लाभले. ज्यांना लाभले नाहीत त्यांची नावे उपलब्ध नाहीत. महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला आहे. त्याच महाराष्ट्राला १९५२ नंतर कुस्तीत एकही ऑलिंपिक पदक मिळालेले नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत भारताने कुस्तीत एकूण आठ पदके मिळविली. त्यांपैकी पहिले वगळता उर्वरित सात पदके उत्तर भारतातील, विशेषतः हरियाणा व दिल्ली परिसरातील मल्लांची आहेत.

माती आणि गादी

या अंतराचे कारण विचारले असता बहुतेक जाणकार पहिले बोट मातीकडे दाखवितात. हा आरोप अर्धा खरा आहे, म्हणून तो तपासून पाहिला पाहिजे.

मातीतील कुस्ती ही निकाली कुस्ती आहे. प्रतिस्पर्ध्याला चितपट करणे हाच विजय. गुण, फेऱ्या यांना पारंपरिक फडात स्थान नाही. साहजिकच मल्ल दमसास राखून, खडाखडी करीत, मानेवर व मनगटावर पकड घेत संधीची वाट पाहतो. मऊ मातीत पाय रुततो, त्यामुळे हालचाल मंद आणि ताकदीची होते. आंतरराष्ट्रीय नियमांची कुस्ती याहून वेगळी आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, आणि गुणांची बेरीज. उभ्या स्थितीतून प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा मिळविल्यास दोन गुण, पाठ गादीच्या दिशेने वळविल्यास दोन, उभ्याने थेट धोक्याच्या स्थितीत फेकल्यास चार, भव्य उंचीच्या फेकीस पाच, वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक. फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची व ग्रीको-रोमनमध्ये आठ गुणांची आघाडी मिळताच कुस्ती संपते. निष्क्रिय राहणाऱ्यास पंच ताकीद देतात. सहा मिनिटांच्या या हिशेबात खडाखडीतच दोन मिनिटे घालविणारा मल्ल कितीही बलवान असला तरी मागे पडतो. २००५ ते २०१३ या काळात प्रत्येक फेरीचा विजेता स्वतंत्रपणे ठरविण्याची पद्धत होती. तेव्हा शिकलेल्या काही मार्गदर्शकांच्या डोक्यात तोच हिशेब अद्याप आहे, आणि त्याचा भुर्दंड मुलांना पडतो.

दुसरा फरक पकडीचा आहे. मातीत जांघ्या अथवा लंगोट धरून करावयाचे डाव वैध आहेत; गादीवर प्रतिस्पर्ध्याचा पोशाख पकडणे हा नियमभंग होय. त्यामुळे फडात हमखास यश देणारा एखादा हुकमी डाव गादीवर निरुपयोगी ठरतो. याउलट पट, दुहेरी पट, कलाजंग, ढाक, भारंदाज यांसारखे डाव थोड्याफार फरकाने गादीवरही चालतात. किंबहुना कलाजंग ज्याच्या अंगात मुरला आहे त्याला खांद्यावरून फेकण्याचे ते तंत्र परदेशी पुस्तकातून शिकावे लागत नाही. तेव्हा माती हा अडथळा नसून मातीतून गादीवर येण्याचे वय व पद्धत हा खरा प्रश्न आहे. उत्तरेकडील मल्लही मातीतूनच आले. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये सत्पाल यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या पिढीने लहान वयातच गादी पाहिली, एवढाच काय तो भेद. पॅरिसमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविणारा अमन सेहरावत हा त्याच आखाड्याचा, बालवयापासून तेथे राहिलेला मल्ल आहे. पदक मिळाले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. ज्या वयात आपल्याकडील विद्यार्थी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असतो, ते हे वय.

चारठाणा परिसरापुरते पाहिल्यास मातीचाही एक स्वतंत्र प्रश्न आहे. हा सारा भाग खोल काळ्या जमिनीचा. ही माती पावसाळ्यात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वाळली की ढेकूळ होते. हौदासाठी ती चालत नाही. आखाड्यासाठी तांबडी माती बाहेरून आणावी लागते, चाळावी लागते, तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर मिसळून ती मुरवावी लागते आणि रोज खोऱ्याने उकरावी लागते. कोल्हापूर-सांगली भागातील मुबलक सोयीची तुलना करताना हा मामुली वाटणारा खर्च विसरला जातो. गावात माती बदलण्यासाठी वर्गणी जमली नाही की आखाडा ओस पडतो, आणि मग तरुणांनी खेळाकडे पाठ फिरविली असा निष्कर्ष काढला जातो.

प्रशिक्षक कोण?

महाविद्यालयीन कुस्तीविषयीचे सर्वांत तीव्र मतभेद या प्रश्नाभोवती आहेत. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक हे एक पद असते. एम.पी.एड. व नेट अथवा सेट ही पात्रता धारण करणारी ही व्यक्ती कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ, बुद्धिबळ या सर्वांची व्यवस्था पाहते. प्रवेशिका भरणे, संघ घेऊन जाणे, प्रवास भत्त्याची देयके सादर करणे हेही तिचेच काम. तिने कुस्तीही शिकवावी ही अपेक्षा अवास्तव आहे. ज्याच्या हातून शेकडो मल्ल गेले तो गावचा वस्ताद महाविद्यालयाच्या दृष्टीने मात्र अस्तित्वातच नसतो, कारण त्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही.

वस्तादांच्या पिढीचे म्हणणे असे की, कुस्ती ही सहवासाची विद्या आहे. पहाटे चारला उठविणे, जोर-बैठका मोजून घेणे, खुराकावर व संगतीवर नजर ठेवणे, कोणत्या मुलाला कोणाशी लढत द्यायची हे ओळखणे, या गोष्टी वेळापत्रकात बसत नाहीत. तासाला येऊन तासाला जाणारा शिक्षक हा मल्ल घडवू शकत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्याच पिढीचा एक दोषही स्पष्टपणे सांगितला पाहिजे. दुखापतीकडे दुर्लक्ष करणे, सर्व वयाच्या मुलांना सारखाच भरणा देणे, बदललेले नियम समजून घेण्याची टाळाटाळ करणे आणि पाणी पिण्यास मनाई करणे यांमुळे अनेक उमद्या मुलांचे गुडघे व खांदे विशीतच निकामी झाले आहेत.

दुसऱ्या बाजूला शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाचा आग्रह धरणारे प्रशिक्षक आहेत. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून कार्यरत असून तिच्या पदविकाधारक प्रशिक्षकांनी देशातील कुस्तीला नवे वळण दिले. मोसमाचे टप्पे पाडून सरावाची आखणी, चित्रफितींवरून प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास, ताकद व चपळाईचे स्वतंत्र व्यायाम ही त्यांची देणगी आहे. मात्र असे प्रशिक्षक शहरांत एकवटले आहेत. जिंतूर तालुक्यातील विद्यार्थ्याने त्यांच्याकडे जायचे म्हणजे पुणे अथवा कोल्हापूर गाठायचे.

मराठवाड्यातील गुणी मल्लांनी नेमके हेच केले. लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार हे १९६९ चे महाराष्ट्र केसरी. त्यांनी पुढे पुण्यात अनेक मल्ल घडविले. लातूरचेच काका पवार हे ग्रीको-रोमन प्रकारातील अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल. त्यांचे कुस्ती संकुलही पुण्यातच आहे. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे या दोघांच्या मार्गदर्शनाखाली वाढला आणि २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण व २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य अशी कामगिरी त्याने केली. म्हणजे गुरू मराठवाड्याचे, शिष्य मराठवाड्याचा, आणि तालीम मात्र पुण्याची. यात पुण्याचा दोष नाही. परंतु खोलीभाडे, खुराक व प्रवास यांचा खर्च ज्या कोरडवाहू शेतकऱ्याला झेपत नाही, त्याच्या मुलासाठी ही वाट बंद असते. त्याचा मुलगा गावाजवळच्या महाविद्यालयात नाव घालतो, आणि त्याच्यापुरता महाविद्यालय हाच एकमेव आधार उरतो.

येथे एका प्रचलित पद्धतीचा उल्लेख टाळता येत नाही. काही महाविद्यालये शहरातील तालमीत सराव करणाऱ्या तयार मल्लांना प्रवेश देतात. हे विद्यार्थी परीक्षेला व स्पर्धेला येतात, पदक मिळवितात, महाविद्यालयाच्या वार्षिकांकात त्यांचे छायाचित्र छापले जाते. यात बेकायदेशीर असे काही नसले तरी त्या महाविद्यालयात कुस्ती शिकविली जाते असे म्हणता येणार नाही. अशा विजेत्याच्या गटात, आठवड्यातून तीन दिवस शेतात राबून उरलेल्या वेळी सराव करणारा स्थानिक विद्यार्थी पहिल्याच फेरीत पराभूत होतो आणि पुढच्या वर्षी नाव देत नाही. पदकतालिकेत हे नुकसान कोठेही दिसत नाही.

व्यवहार्य मार्ग कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. तरीही वस्तादाला मानधनावर महाविद्यालयाशी जोडून घेणे आणि त्याच वेळी एखाद्या माजी विद्यार्थी-मल्लास पतियाळाच्या सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमास पाठविणे, ही जोडी सर्वांत कमी खर्चाची दिसते. वस्तादाने शरीर घडवावे, अंगात कुस्ती भिनवावी. तरुण प्रशिक्षकाने नियम, गुण व गादीवरील चाली शिकवाव्यात. दोघांचे पटेल काय, ही शंका रास्त आहे. आखाड्यात दोन वस्ताद नांदत नाहीत असा अनुभव सांगितला जातो. पण ज्या ठिकाणी एकही नांदत नाही, तेथे ही भीती थोडी अकालीच म्हणावी लागेल.

गादीबाबतही गैरसमज आहेत. स्पर्धेची गादी बारा मीटर लांब-रुंद असते व तीवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ असते, हे खरे. सरावाला एवढी जागा लागतेच असे नाही. सहा मीटर चौरसाच्या तुकड्यावर दोन जोड्या आलटून पालटून उत्तम सराव करू शकतात. अट एकच की ती रोज जंतुनाशकाने पुसली गेली पाहिजे. नायटा, गजकर्ण यांसारखे त्वचारोग अस्वच्छ गादीवरून झपाट्याने पसरतात. मातीत हळद-ताक घालण्यामागे पूर्वजांनी जी दक्षता घेतली होती, तिचेच हे आधुनिक रूप होय. अनेक ठिकाणी गादी खरेदी होते, उद्घाटन होते आणि मग ती गुंडाळून भांडारगृहात उंदरांच्या स्वाधीन केली जाते. त्यापेक्षा ती नसलेली बरी.

स्पर्धांचे वेळापत्रक आणि शेताचे वेळापत्रक

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सामान्यतः पहिल्या सत्रात होतात. या काळात चारठाणा परिसरात सोयाबीनची काढणी व पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू असते. घरचा तरुण मुलगा याच वेळी शेतात हवा असतो. त्यामुळे स्पर्धेपूर्वीचा महत्त्वाचा सराव बुडतो. जत्रांचा हंगाम याउलट हिवाळा ते वैशाख असा असतो. तेव्हा शेतकाम हलके असते आणि मुलगा तयारीत असतो, पण त्या वेळी महाविद्यालयाच्या स्पर्धा संपलेल्या असतात. परिणामी त्याची खरी कुस्ती फडात दिसते व महाविद्यालयाला दिसतो तो केवळ त्याचा थकलेला ऑक्टोबर.

फडाचे आकर्षण समजून घेतले पाहिजे. तेथे जिंकलेल्या कुस्तीचे इनाम तत्काळ हातात पडते. गावकरी फेटा बांधतात. महाविद्यालयीन स्पर्धेत मिळते ते प्रमाणपत्र. प्रमाणपत्राचे मोल उशिरा कळते. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. सर्वोच्च कामगिरी करणाऱ्या राहुल आवारे, विजय चौधरी यांच्यासारख्या मल्लांना पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्ती मिळाली. मात्र आरक्षणासाठी कोणती स्पर्धा ग्राह्य, कोणते प्रमाणपत्र कोणत्या कार्यालयाकडून पडताळून घ्यावयाचे, याची माहिती खेड्यातील विद्यार्थ्याला कोणी देत नाही. शारीरिक शिक्षण संचालकाने सत्राच्या आरंभी एक दिवस यासाठी दिला तरी पुष्कळ होईल.

फडाच्या कुस्त्यांवर महाविद्यालयाने बंदी घालावी, असे एक मत आहे. ते स्वीकारणे कठीण आहे. इनामाच्या पैशावर ज्याच्या खुराकाचा खर्च निघतो त्याला फड सोडण्यास सांगणे म्हणजे कुस्तीच सोडण्यास सांगणे होय. वजनगटाचा विचार न करता लागणाऱ्या बेजोड कुस्त्या व स्पर्धेच्या तोंडावरील फड टाळावेत, एवढेच बंधन पुरेसे आहे.

वजन घटविण्याचा धोका

कुस्ती वजनगटांत खेळली जाते, म्हणून वजन कमी करून खालच्या गटात उतरण्याचा मोह सर्वत्र आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही दुसऱ्या दिवशीच्या वजनात सुमारे शंभर ग्रॅम अधिक भरल्याने अपात्र ठरली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्या घटनेची चर्चा नशिबाच्या अंगाने झाली; शरीरशास्त्राच्या अंगाने फारशी झाली नाही. चोवीस तासांत उतरविलेले वजन हे चरबीचे नसून पाण्याचे असते. शरीरातील पाणी घटल्याने रक्ताचे आकारमान कमी होते, हृदयावरील ताण वाढतो, उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता मंदावते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीने याची किंमत मोजली आहे. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धा १९२८ पासून होत आहे आणि महाविद्यालय हाच तेथील कुस्तीचा कणा आहे. १९९७ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन मल्ल झपाट्याने वजन घटविताना मृत्युमुखी पडले. त्यानंतर नियामक संस्थेने रबरी पोशाख, बाष्पस्नान व मूत्रल औषधे यांवर बंदी घातली. मोसमाच्या आरंभी शरीरातील पाण्याची व चरबीची चाचणी घेऊन प्रत्येक मल्लाचे किमान वजन निश्चित करण्याची पद्धत आणली. तीन तरुण गेल्यावर नियम झाला. आपल्याकडे प्लॅस्टिकचे जाकीट घालून भर दुपारी धावणे, दोन दिवस पाणी वर्ज्य करणे हे प्रकार स्पर्धेच्या आदल्या दिवशी राजरोस चालतात, आणि मराठवाड्याचा ऑक्टोबर हा थंड महिना नव्हे. यावरील उपायाला खर्च जवळजवळ नाही. एक वजनकाटा, एक वही, आणि जुलैपासून दर आठवड्याला केलेली नोंद यांतून विद्यार्थ्याचा स्वाभाविक गट कोणता हे समजते. आठवड्याला अर्धा-पाऊण किलोपेक्षा अधिक घट दिसल्यास त्याला वरच्या गटात खेळविणे हेच प्रशिक्षकाचे कर्तव्य आहे. वरच्या गटात तो हरेल कदाचित. पण हरलेला मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

आहाराबाबत बदाम, तूप व थंडाईची चर्चा फार होते. सामान्य शेतकरी कुटुंबाला हा खुराक परवडत नाही आणि त्यावाचून अडतेही असे नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती'सारखे ज्वारीचे वाण दिले ते याच मातीसाठी. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, भिजविलेले हरभरे, शेंगदाणे, घरचे दूध आणि शक्य असल्यास अंडी यांवर विद्यार्थी-मल्लाची प्रथिनांची गरज बऱ्याच अंशी भागू शकते. पावडरीच्या डब्यांवर होणारा खर्च हा बहुधा दुकानदाराच्या सल्ल्याने होतो, प्रशिक्षकाच्या नव्हे.

पंच आणि वाद

महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून भरविली जाते. माती विभाग व गादी विभाग यांचे विजेते तीत अंतिम लढतीसाठी समोरासमोर येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेल्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून जो प्रकार घडला, त्याने कुस्तीची मान खाली गेली. राज्यातील संघटनांमधील फुटीमुळे एकाच किताबाच्या दोन स्पर्धा होण्याचीही वेळ आली आहे. महाविद्यालयीन पातळीवर किताबाचे राजकारण नाही, ही मोठीच जमेची बाजू होय. पण जाणकार पंचांची उणीव येथेही आहे. खेळ सोडलेल्या विद्यार्थ्यांना पंच परीक्षेला बसविणे हा त्यावरील उपाय अनेकदा सुचविला जातो. तो योग्यच आहे.

मुलींची कुस्ती

महिला कुस्तीचा ऑलिंपिकमध्ये समावेश २००४ साली झाला. २०१६ मध्ये साक्षी मलिकने रिओ येथे कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्रात महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथम मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली व प्रतीक्षा बागडी हिने तो मान मिळविला. पुरुषांच्या स्पर्धेनंतर बासष्ट वर्षांनी हे घडले.

या क्षेत्रात महाविद्यालयाचे महत्त्व मुलांच्या कुस्तीपेक्षाही अधिक आहे, आणि याचा विचार फारच थोड्या ठिकाणी झालेला दिसतो. गावच्या आखाड्यात मुलीला परंपरेने प्रवेश नाही. अनेक ठिकाणी हौदात तिने पाऊल ठेवण्यासही आक्षेप घेतला जातो. गादीला असा कोणताही विधिनिषेध चिकटलेला नाही. शिवाय गादीवरील कुस्तीत मुलगा व मुलगी दोघेही नवखेच; मुलींना मातीच्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. तेव्हा आखाडा नसलेल्या गावातील मुलीसाठी महाविद्यालयाची गादी हीच पहिली तालीम ठरू शकते. अडचण असते ती जोडीची. एका महाविद्यालयात एकाच वजनाच्या दोन मुली मिळणे दुर्मिळ. एकटी मुलगी महिनाभर डाव घटवते, पण लढत करायला समोर कोणी नसते, आणि स्पर्धेच्या दिवशी तिची पहिली खरी कुस्ती होते. पालक विचारतात तो प्रश्न निराळाच असतो : सराव किती वाजता सुटणार, आणि परतीची शेवटची एस.टी. किती वाजता आहे? चारठाण्यासारख्या गावाहून तालुक्याला ये-जा करणाऱ्या मुलीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय डावपेचांची चर्चा निरर्थक आहे. सकाळच्या तासिकांपूर्वीचा सराव, तालुक्यातील दोन-तीन महाविद्यालयांनी आठवड्यातून दोनदा एकत्र घेतलेली लढत आणि सोबत एक महिला प्राध्यापक, एवढी व्यवस्था झाल्यास मुली येतात. सरावाची वेळ संध्याकाळी सहाची ठेवून मुलींचा प्रतिसाद नाही अशी नोंद अहवालात करणे सोपे असते, आणि अशा नोंदी दरवर्षी होत असतात.